११२०३ आणि ११२०५ च्या मधला पार्ट

“मॅडम, माल रॅकवर आहे. आत्ता माझ्या हातात आहे. तुमचा कंप्युटर म्हणतो असा पार्टच नाही. गिऱ्हाइकाला कोणाचं खरं सांगू?”

२०१९ ची दिवाळी नुकतीच संपली होती. फोन भोसरीतल्या एका स्पेअर पार्टच्या गोडाऊनमधून होता आणि बोलत होते तिथले स्टोअरकीपर. मालकांपासून हमालांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही. त्या गोडाऊनचं स्टॉकचं आणि बिलांचं सॉफ्टवेअर आमच्या तीन माणसांच्या ऑफिसनं २०१४ मध्ये लिहून दिलं होतं. त्यातला डेटाबेस, म्हणजे पोस्टग्रेस, सांभाळायचं काम कोणीच मागून घेतलं नाही, म्हणून ते माझ्याकडे राहिलं.

पार्ट नंबर होता ११-२०४. मी माझ्या जागेवरून शोधला. शून्य ओळी.

“मामा, मध्ये स्पेसबिस नाही ना पडत?”

“मॅडम, पाच वर्षं हाच नंबर टाकतोय.”

प्रश्न अपमानाचाच होता, पण मला जुना चटका बसला होता. हे गोडाऊन ताडपत्री बांधायच्या दोऱ्याही विकतं. दोन वर्षांपूर्वी ‘दोऱ्या’ शोधलं की कधी सापडायच्या, कधी नाही. एका ऑपरेटरचा कीबोर्ड ‘ऱ’ हे एकच अक्षर टाकायचा. दुसऱ्याचा साधा र, मग हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दोऱ्या, कंप्युटरला मात्र दोन परके शब्द. त्यात माझा दीड दिवस गेला होता. तेव्हापासून ‘दिसतंय पण सापडत नाही’ म्हटलं की मी आधी बाइट उघडून बघते.

बघितले. सहा कॅरेक्टर, सहा बाइट. हायफनच्या जागी २डी, म्हणजे साधा हायफनच, वर्डमधून चिकटवलेला लांब डॅश नव्हे. मागेपुढे काही लपलेलं नव्हतं.

मग ‘शेवटी ११-२०४ असलेले सगळे पार्ट दाखव’ असं विचारलं. ओळ आली. वर्णन बरोबर, साठा १४ नग. म्हणजे नेमकं नाव घेतलं तर नाही, आडून विचारलं तर आहे. मी खुर्ची थोडी मागे सरकवली.

दुपारी भोसरीला गेले. खरं तर काही गरज नव्हती, सगळं लांबून दिसत होतं. पण मामांच्या आवाजात ‘तुमचा कंप्युटर’ हे शब्द जरा जास्तच ठळक होते. त्यांनी मला थेट रॅकपाशी नेलं. मामांचे रॅक म्हणजे बघण्यासारखं प्रकरण आहे. सॉफ्टवेअर सुरू झालं त्या वर्षी त्यांनी पार्टची पूर्ण यादी प्रिंट करून घेतली आणि त्याच क्रमानं पाच हजारांवर खण लावले, प्रत्येकावर मार्करनं नंबर. “हे बघा,” ते बोट फिरवत म्हणाले, “११२०३, ११-२०४, ११२०५. आहे का नाही?” मी म्हटलं, आहे. दोन दिवस मी ज्याच्या मागे धावणार होते ते उत्तर मार्करनं लिहिलेलं माझ्या नाकासमोर होतं आणि मी मान डोलावून चहा प्यायला गेले.

परत आल्यावर पहिलं काम, पोस्टग्रेस ही ओळ शोधतो कसा ते विचारणं. त्यासाठी एक्सप्लेन असतं. एखादी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालवायला तो कोणता रस्ता धरणार, ते तो सांगतो. नेमका नंबर शोधताना तो इंडेक्समधून जात होता, आडून विचारल्यावर पूर्ण टेबल वाचत होता. मग मी माझ्या सेशनपुरते इंडेक्सचे सगळे रस्ते बंद केले आणि तीच क्वेरी पुन्हा दिली. ओळ हजर. रस्ते उघडले, ओळ गायब. तीनदा करून पाहिलं.

टेबल खरं बोलत होतं आणि इंडेक्स खोटं. असं व्हायलाच नको. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या मागची सूची. ती हळू असेल, जाडजूड असेल, पण पान असताना ‘नाही’ म्हणत असेल तर तिच्यावर बांधलेलं सगळंच डळमळतं.

पहिला संशय डिस्कवर. सर्व्हर गोडाऊनच्या ऑफिसात एका लाकडी कपाटात असतो, यूपीएस आहे, पण भोसरीत वीज जाते ती विचारून जात नाही. खंडेनवमीला मामांनी त्याला झेंडूचा हार घातला होता, हळद-कुंकू लावलं होतं, आणि एक पाकळी पंख्याच्या जाळीत अडकलेली मी स्वतः काढली होती. तरी एक बरं होतं. पोस्टग्रेसच्या आवृत्ती ११ वर जाताना मी चेकसम, म्हणजे प्रत्येक पानासोबत ठेवलेली पडताळणीची बेरीज, चालू करून घेतले होते. तेव्हा ते आपोआप चालू नसायचे, आठवणीनं मागावे लागायचे. रात्री सर्व्हर थांबवून प्रत्येक पानाची तपासणी चालवली. एकही पान खराब नाही. डिस्कनं जे लिहिलं होतं तेच ती परत देत होती.

मग असे किती पार्ट आहेत ते मोजायला बसले. टेबल सरळ वाचून सगळे नंबर एका फाइलमध्ये घेतले आणि एकेक नंबर इंडेक्समार्फत विचारत गेले. न सापडलेल्यांची यादी लांबत गेली. बहुतेकांत हायफन. मी वहीत ‘हायफन!’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. पुढच्या पाच मिनिटांत त्याच यादीत १११०० दिसला. हायफन नाही, काही नाही, पाच साधे आकडे. असे आणखी बारा-पंधरा निघाले. मी ‘हायफन’वर काट मारली. ही काट मला फार महागात पडली.

त्याच रात्री आणखी वाईट सापडलं. पार्ट नंबरवर युनिक इंडेक्स आहे, म्हणजे एकच नंबर दोनदा जाऊच शकत नाही, असं मी पाच वर्षं मालकांना छातीठोक सांगत आले होते. टेबलात ७-१५ दोनदा होता. काय झालं असेल ते लगेच लक्षात आलं. काउंटरवरच्या मुलाला पार्ट सापडला नाही, गिऱ्हाईक समोर उभं, त्यानं ‘नवीन पार्ट’ दाबून नंबर पुन्हा टाकला. आणि पोस्टग्रेसनं तो घेतला, कारण आधीचा आहे का हे तपासायलाही तो त्याच इंडेक्सला विचारतो. इंडेक्स म्हणाला नाही, तर नाही.

त्या रात्री मी जरा हवेत गेले, हे कबूल करते. मला वाटलं, मी पोस्टग्रेसमधला बग पकडला. बर्कलीतल्या १९८६ च्या प्रकल्पातून वाढलेलं, जगभरच्या लोकांनी घासूनपुसून घेतलेलं सॉफ्टवेअर, आणि त्याचा युनिक इंडेक्स भोसरीत फसला. घरी जेवताना मी नवऱ्याला हे दोनदा सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे आता पार्ट सापडणार?” मी म्हटलं, नाही, पण बग सापडला. त्यानं भाजी वाढून घेतली.

बग कळवायचा तर तो दुसऱ्या कोणाला घडवून दाखवता आला पाहिजे. ‘आमच्याकडे होतं’ याला काही किंमत नाही. म्हणून टेबलाचा डंप, म्हणजे सगळा मजकूर उतरवलेली फाइल, घेतला आणि लॅपटॉपवर भरायला लागले. शेवटी युनिक इंडेक्स बांधताना पोस्टग्रेस अडला. ७-१५ दोनदा आहे, इंडेक्स बांधता येणार नाही. बरोबरच होतं. जोड्यांतली एकेक ओळ काढून इंडेक्स बांधला. आणि लॅपटॉपवर सगळं सापडायला लागलं. ११-२०४ सापडला, १११०० सापडला. बग नाहीसा.

याचं कारण नंतर उघड वाटतं. डंपमध्ये इंडेक्स येत नाही, फक्त ‘असा इंडेक्स बांध’ ही आज्ञा येते. तो नव्या जागी नव्यानं बांधला जातो, आणि माझा आजार जुन्या इंडेक्सच्या अंगात होता. पुरावा पिशवीत भरताना मी तो धुऊन घेतला होता.

तेव्हा पिशवी बदलली. सर्व्हर थांबवला, डेटाची पूर्ण डिरेक्टरी जशीच्या तशी कॉपी केली. ती उघडायला मोकळं यंत्र हवं होतं. ऑफिसच्या माळ्यावर भोसरीचाच आधीचा सर्व्हर पडून होता, डेबियन ९ (लिनक्सचा एक प्रकार) वाला. त्यावर पोस्टग्रेस ११ ची हुबेहूब तीच उपआवृत्ती टाकली, डिरेक्टरी ठेवली, सुरू केलं.

११-२०४ सापडला.

मी कॉपी पुन्हा केली. पुन्हा सापडला. मग ७-१५ विचारला. भोसरीच्या सर्व्हरनं काउंटरच्या मुलानं टाकलेली नवी ओळ दिली. माळ्यावरच्या यंत्रानं २०१४ ची जुनी ओळ दिली. तेच बाइट, पोस्टग्रेसची तीच आवृत्ती, तीच क्वेरी, आणि दोन यंत्रं दोन वेगळ्या ओळींकडे बोट दाखवत होती. वीस वर्षांत असं काही मी पाहिलं नव्हतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या वेळी ऑफिसात मी एकटी होते आणि मी उठून दुसरा दिवा लावला.

माझ्यापुढे आता विचार करायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून बग-रिपोर्ट लिहायला घेतला. पोस्टग्रेसची पद्धत वेगळी आहे. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीला बगांची नोंदवही असते. कोण काम करतंय, उघडा आहे की बंद, सगळं तिथे दिसतं. पोस्टग्रेसला तशी वही नाही. फॉर्म भरला की बगला एक नंबर मिळतो, तो ईमेलनं सगळ्या जाणकारांपुढे जातो आणि पुढची चर्चा उघड्यावर होते. म्हणून काय लिहावं, काय लिहू नये, याच्या सूचना त्यांच्या मॅन्युअलमध्ये सविस्तर दिल्या आहेत. त्यातली पहिली मोठी सूचना अशी की घडलं ते सांगा, ‘माझ्या मते चूक अमुक ठिकाणी आहे’ हे सांगू नका. माझ्या मसुद्यात नेमकं तेच तीन परिच्छेद होतं. इंडेक्सच्या सोर्स कोडमधली फंक्शनं वाचून मी एक सिद्धांत रचला होता, आणि तो मला आवडायलाही लागला होता. काढून टाकला. जे उरलं ते सहा ओळींचं होतं.

मग यंत्राची माहिती. कर्नल कोणता, प्रोसेसर कोणता, मेमरी किती, आणि सी लायब्ररी, म्हणजे बाकीचे प्रोग्राम ज्यावर उभे असतात तो ऑपरेटिंग सिस्टिमचा पायाचा कोड, कोणती. शिवाय तिथे असंही बजावलं आहे की नुसतं ‘डेबियन’ म्हणून थांबू नका, त्याच्या आत काय असतं हे सगळ्यांना माहीत असेल असं धरू नका. मी थोडी वैतागून दोन्ही यंत्रांवर सी लायब्ररीची आवृत्ती विचारली. माळ्यावरचं यंत्र म्हणालं, जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.२४. भोसरी म्हणालं, २.२८.

दिवाळीच्या सुट्टीत गोडाऊन बंद असताना भोसरीचा सर्व्हर डेबियन ९ वरून १० वर मीच नेला होता. पोस्टग्रेसला हातही लावला नव्हता. ते आधीपासून ११ वर होतं, ११ वरच राहिलं. म्हणून ‘डेटाबेसमध्ये काय बदललं?’ असं मी स्वतःला दहा वेळा विचारलं तेव्हा दहाही वेळा ‘काही नाही’ हेच प्रामाणिक उत्तर होतं.

पुढचं पाच मिनिटांचं काम. दोन्ही यंत्रांवर सॉर्ट या क्रम लावणाऱ्या आज्ञेला फक्त दोन ओळी दिल्या, ११ आणि १-१. जुन्यानं ११ आधी लावलं, मग १-१. नव्यानं १-१ आधी, मग ११.

शब्दांत कोणता आधी आणि कोणता नंतर, हे पोस्टग्रेस त्या काळी बहुतेक ठिकाणी स्वतः ठरवत नसे. डेटाबेस ज्या लोकेलमध्ये, म्हणजे भाषा-देशाच्या सेटिंगमध्ये, बनवला त्यानुसार तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीला विचारायचा. आमचा लोकेल इंग्लिश-अमेरिका, बहुतेकांचा असतो तसाच. जुन्या जीलिबसीच्या तक्त्यात हायफनसारखी चिन्हं पहिल्या फेरीत मोजतच नसत. तिच्या दृष्टीनं ११-२०४ म्हणजे जवळपास ११२०४, जागा ११२०३ आणि ११२०५ च्या मधली. ऑगस्ट २०१८ मध्ये २.२८ आली, तेव्हा हे सगळे तक्ते आयएसओ १४६५१ या मानकाच्या नव्या रूपाशी जुळवून घेतले गेले. आता हायफन मोजला जातो आणि तो आकड्यांच्या आधी येतो. त्यामुळे ११-२०४ ची जागा ११० च्याही आधी.

आपल्याकडे हे समजावणं सोपं आहे. काही कोशांत ‘क्ष’चे शब्द ‘क’मध्ये सापडतात, काहींत अगदी शेवटी, ‘ळ’च्या पुढे. दोन्ही पद्धती चालतात. पण समजा वाचनालयातली कपाटं एका ग्रंथपालानं पहिल्या पद्धतीनं लावली आणि तो निवृत्त झाला. नवीन आला, त्याला दुसरी पद्धत शिकवलेली. ‘क्षितिज’ मागितलं की तो थेट शेवटच्या कपाटाशी जातो, तिथे नाही, म्हणून ‘नाही’ सांगतो. पुस्तक ‘क’मध्ये धूळ खात बसलेलं. आणि कोणी ‘क्षितिज’ची प्रत भेट दिली, तर ‘आपल्याकडे नव्हतीच’ म्हणून शेवटच्या कपाटात नवीन नोंद करून ठेवतो. ७-१५ दोनदा झाला तो असा.

आणि तो बिनहायफनचा १११००? त्यानं मला एक पूर्ण दिवस भरकटवलं होतं, म्हणून त्याच्याकडे जरा रागानंच परत गेले. बी-ट्री इंडेक्समध्ये शोध वरून खाली उतरतो, आणि प्रत्येक पायरीवर एक नंबर पाटीसारखा उभा असतो. तुझा नंबर माझ्याहून लहान असेल तर डावीकडे, मोठा असेल तर उजवीकडे. समजा पाटीवर ११-२०४ आहे. झाड लावलं गेलं जुन्या क्रमात, म्हणजे ही पाटी ११२०४ च्या जागी उभी आहे आणि १११०० तिच्या डावीकडे बसला आहे. आता नव्या नियमानं १११०० हा ११-२०४ पेक्षा मोठा. शोध उजवीकडे वळला, आणि संपला. स्वतः निर्दोष असूनही १११०० हरवला, कारण वाटेतल्या पाटीवर हायफन होता. वहीत मी मारलेल्या काटेवर पुन्हा काट मारली.

तेव्हाच रॅक डोळ्यांपुढे आला. ११२०३, ११-२०४, ११२०५. मार्करनं, ठळक अक्षरांत.

रिपोर्ट पाठवला नाही. पाठवण्यासारखं नवं काही नव्हतं, पोस्टग्रेसच्या लोकांना हे आधीच माहीत होतं आणि ११ विरुद्ध १-१ ची हीच चाचणी त्यांनी लिहूनही ठेवली होती. मी अपग्रेडच्या आधी वाचली नाही एवढंच. पोस्टग्रेसला हा त्रास पहिल्यांदा झाला असंही नाही. ९.५ आवृत्तीत सॉर्ट वेगवान करण्यासाठी सी लायब्ररीच्या आणखी एका फंक्शनवर भरवसा टाकला होता. ते फंक्शन काही लोकेलमध्ये स्वतःच्याच भावंडाशी विसंगत क्रम देतं हे उघड झालं, आणि मार्च २०१६ च्या ९.५.२ मध्ये ती सोय ‘सी’ नावाचं साधं लोकेल सोडून बाकी लोकेलसाठी बंद करावी लागली.

मग हा बग कोणाचा? यावर मी अनेकांशी वाद घातला आहे. जीलिबसीनं जुने तक्ते सुधारले, ते त्यांचं कामच होतं. शब्दांचा क्रम कायम राहील असं वचन त्यांनी कुणाला दिलेलं नव्हतं. पोस्टग्रेसनं इंडेक्समध्ये क्रम कोरून ठेवला, पण कोणत्या तक्त्यानं कोरला ते मात्र लिहून ठेवलं नाही. माझ्या मते दोष द्यायचाच तर तो या न लिहिण्याला द्यावा. पुढे त्यांनीही ते ओळखलं. १५ व्या आवृत्तीपासून डेटाबेस कोलेशनची, म्हणजे शब्दांच्या क्रमाच्या नियमांची, आवृत्ती नोंदवतो आणि ती बदललेली दिसली की इशारा देतो. १७ मध्ये तर सी लायब्ररीला न विचारणारी, पोस्टग्रेसची स्वतःची अंगभूत कोलेशन आली. आम्हाला २०१९ मध्ये यातलं काही नव्हतं.

दुरुस्तीसाठी रविवार घेतला. आधी पूर्ण बॅकअप, मग निदान पक्कं करायला एएमचेक. पीटर गेगन यांनी लिहिलेलं हे एक्स्टेंशन दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेससोबतच येतं. ते इंडेक्सच्या पानापानांतून फिरून क्रम नीट आहे का बघतं, आणि अकराव्यापासून टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का हेही. टेक्स्टवरचे सगळे इंडेक्स त्याच्यापुढे घातले. पार्ट नंबरवरचा पहिल्या झटक्यात पडला, क्रम मोडला आहे म्हणून. पुरवठादारांच्या नावांचा पडला, गावांचा पडला. आकड्यांवरचे आणि तारखांवरचे इंडेक्स मी तपासले नाहीत. त्यांचा क्रम ठरवायला सी लायब्ररी लागत नाही.

आता नुसतं रीइंडेक्स, म्हणजे ‘इंडेक्स नव्यानं बांध’, म्हणून भागत नव्हतं. जोड्या असताना युनिक इंडेक्स बांधला जाणार नाही, हे लॅपटॉपवर पाहिलंच होतं. आधी जोड्या शोधून एक करायच्या, आणि प्रत्येक जोडीच्या दोन्ही ओळींवर बिलं फाटलेली. संगणकावरचा साठा दोन्हीकडे चुकलेला, त्यामुळे खरा आकडा फक्त रॅकवर होता. मामा रविवारी टॉर्च घेऊन आले, मी नंबर ओरडायचे, ते मोजून उत्तर ओरडायचे. दुपारी त्यांनी डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा काढला. मी त्यांना हायफनची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि विचारलं, “म्हणजे आमची चूक नव्हती ना?”

“नाही मामा. माझी होती. दिवाळीतलं अपग्रेड.”

“मग असू द्या,” म्हणाले.

चार वाजता रीइंडेक्स दिलं. अडलं. ‘अमुक नंबर दोनदा आहे.’ मी सगळ्या जोड्या काढल्या होत्या, यादी समोर होती, हा नंबर यादीत नव्हता. दहा मिनिटं डोकं धरून बसले. मग कळलं. जेवणानंतर माझं कनेक्शन तुटलं होतं, मी नवीन उघडलं, आणि इंडेक्सचे रस्ते बंद करायची सेटिंग ही त्या सेशनपुरतीच असते. उरलेल्या जोड्या मी चक्क त्याच खोटारड्या इंडेक्सला विचारून शोधल्या होत्या. एकसारखे नंबर शेजारीशेजारी येतील असं धरून तो मोजणार, आणि या झाडात ते शेजारी नव्हतेच. सेटिंग लावून पुन्हा शोधलं. आणखी सहा जोड्या. मामा पुन्हा टॉर्च घेऊन उठले, काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचं मला फार ओझं झालं.

चालू कामात व्यत्यय न आणता रीइंडेक्स करायची सोय बाराव्या आवृत्तीत आली, ती आवृत्ती तेव्हा जेमतेम महिन्याची होती. आमच्या अकरामध्ये टेबल अडवूनच ठेवावं लागलं. पण टेबल लहान, सगळं मिळून काही मिनिटांत झालं. एएमचेक पुन्हा चालवलं. एकही तक्रार नाही. ११-२०४ शोधला. १४ नग.

एक गोष्ट मी जाता जाता केली. पार्ट नंबर ही काही भाषा नव्हे, त्याला अमेरिकेचा काय आणि भारताचा काय, कुठलाच शब्दकोशी क्रम लागत नाही. म्हणून त्या कॉलमचं कोलेशन ‘सी’ करून टाकलं. म्हणजे सरळ बाइटला बाइट लावून तुलना, लायब्ररीच्या तक्त्यांचा संबंधच नाही. पुढच्या कुठल्याही अपग्रेडला हा इंडेक्स हलणार नाही. मी खुशीत घरी गेले.

सोमवारी साडेनऊला मामांचा फोन.

“मॅडम, यादी प्रिंट केली. सगळी उलटीपालटी आलीय.”

“उलटीपालटी म्हणजे?”

“हायफनवाले सगळे भलतीकडे. ११-२०४ पार वर गेलाय. माझा रॅक तसा नाही.”

मी समजावलं की आता हाच क्रम कायम राहणार, आणि शोधलं तर सगळं सापडतंय. ते म्हणाले, सापडतंय ते बरोबर, पण मोजणीला यादी घेऊन रॅकपुढे उभा राहतो तेव्हा मी दोन्हीकडे पळू का? मी चाचरत सुचवलं की एखाद्या रविवारी रॅकच नव्या क्रमानं लावून घेऊ, चार पोरं लावू.

“पाच हजार खण आहेत, मॅडम.”

शेवटी मी टेबलात आणखी एक कॉलम वाढवला. त्यात पार्ट नंबर हायफन काढून ठेवला जातो, आणि छापील यादी त्या कॉलमच्या क्रमानं निघते. कॉलमला नाव दिलं ‘मामा_क्रम’. भोसरीचा सर्व्हर त्यानंतर दोनदा बदलला, पोस्टग्रेसही बदललं. रॅक अजून जीलिबसी २.२४ वरच आहेत.